देवाची चतुःसीमा

खरेदीखत लिहावयास बसले की आम्हा वकिलांना मिळकतीची चतुःसीमा लिहावी लागते. पूर्वेस अमक्याचे भाट, पश्चिमेस व्हाळ, दक्षिणेस सरकारी रस्ता, उत्तरेस तमक्याचे घर. चतुःसीमा चुकली की सारा दस्तऐवज लंगडा पडतो. वीस वर्षे हाच व्यवसाय करीत आल्यामुळे मला अलीकडे अशी शंका येऊ लागली आहे की, आम्ही गोमंतकीय भाविकांनी आपल्या देवाचीही एक चतुःसीमा आखून टाकली आहे. समोर दीपमाळ, मागे अग्रशाळा, एका अंगास तळी, दुसऱ्या अंगास देवस्थान समितीची कचेरी. या चार खुणांच्या आत देव, बाहेर व्यवहार.

ही शंका मनात का आली ते प्रथम सांगतो. गेल्या श्रावणात फोंडा महालातील एका देवस्थानाने आपल्या व्याख्यानमालेत बोलण्यास मला पाचारण केले. विषय माझ्यावरच सोपविला होता. मी विषय कळविला : ‘मुदपाकखान्यातील भक्त — ब्रदर लॉरेन्स’. विषय फलकावर लागला आणि दोन दिवसांनी उतरला. समितीतील एक वयोवृद्ध सद्गृहस्थ, ज्यांच्याविषयी मला आजही आदर आहे, मला बाजूस घेऊन म्हणाले, “वकीलबाब, आमच्या देवळांत पाद्री कित्याक?” मी म्हणालो, “भाऊ, तो पाद्री नव्हताच. आचारी होता.” त्यांना हसू आले, पण विषय बदलावा हा आग्रह कायम राहिला. मी विषय बदलला नाही, व्याख्यान झाले नाही. याबद्दल माझी तक्रार नाही. सभामंडपात कोणी काय बोलावे हे ठरविण्याचा समितीला अधिकार आहे. परंतु अधिकार ही एक गोष्ट आणि कारण ही दुसरी. अधिकार मान्य करून कारणांचा समाचार घेणे हे या लेखाचे प्रयोजन.

आधी हा आचारी कोण ते सांगितले पाहिजे, कारण ज्यांनी त्याला नाकारले त्यांपैकी कोणी त्याचे नाव पूर्वी ऐकले नव्हते. फ्रान्सच्या सीमेवरील लॉरेन प्रांतात १६१४ च्या सुमारास निकोला हेर्मान नावाचा एक गरीब मुलगा जन्मला. तरुणपणी तो सैन्यात गेला, युद्धात जखमी झाला आणि आयुष्यभराचा अधू पाय घेऊन परतला. पुढे एका श्रीमंताकडे हुजऱ्या म्हणून राहिला. हातून सतत वस्तू फुटत असत, असे तो स्वतःच सांगे. १६४० साली तो पॅरिसमधील कार्मेलपंथी मठात शिरला. पण शिक्षण बेताचे असल्याने धर्मगुरू म्हणून नव्हे, तर कष्टाची कामे करणारा बंधू म्हणून. मठाने त्याला लॉरेन्स हे नाव दिले आणि स्वयंपाकघरात पाठविले. या कामाची त्याला मुळात नावड होती. तरी सुमारे पंधरा वर्षे त्याने तेच केले, आणि पाय अगदीच चालेनासा झाला तेव्हा तो मठातील मंडळींच्या वहाणा सांधीत बसला. १६९१ च्या फेब्रुवारीत तो वारला.

त्याने ग्रंथ लिहिला नाही. जोसेफ द बोफोर नावाच्या एका धर्माधिकाऱ्याने १६६६ पासून त्याच्याशी झालेली संभाषणे टिपून ठेवली होती. ती आणि त्याची थोडी पत्रे त्याच्या मृत्यूनंतर १६९२ आणि १६९४ साली छापली गेली. देवाच्या सान्निध्याचा अभ्यास, अशा अर्थाच्या नावाने ती जगभर गेली. त्यातील सांगणे एवढेच की, प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ असे दोन भाग पाडण्याचे कारण नाही. भांड्यांचा खडखडाट चालला आहे, चार जण एकाच वेळी चार गोष्टी मागत आहेत, अशा वेळीही ईश्वर प्रार्थनागृहात असतो तितकाच जवळ असतो. तव्यावरचा अंड्याचा पोळा उलटावयाचा तो त्याच्या प्रेमाखातर उलटावा. अंड्याचे नाव निघताच सोमवार पाळणाऱ्या काही वाचकांनी नाक मुरडले असेल. त्यांनी तेथे भाकरी वाचावी. अर्थ बिघडत नाही.

आता आक्षेप. न्यायालयात प्रथम मुद्दे काढतात, मग पुरावा. समितीच्या बोलण्यातून मला तीन मुद्दे दिसले.

पहिला मुद्दा इतिहासाचा. ‘ज्यांनी आमची देवळे पाडली त्यांचे आम्ही ऐकावयाचे काय?’ या प्रश्नातील वेदना मी हलकी लेखत नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा यांना आपली मूळ स्थाने सोडून नदीपलीकडे, त्या वेळी आदिलशाहीत असलेल्या अंत्रुज महालात यावे लागले, ते कोणाच्या भयाने, हे येथे पोरही सांगेल. १५६० साली आलेले इन्क्विझिशन मधल्या थोड्या वर्षांचा खंड वगळता १८१२ पर्यंत टिकले. आमचे देव आज जेथे आहेत तेथे ते निर्वासित म्हणून आले. हे विसरा असे म्हणणारा मनुष्य मला प्रामाणिक वाटत नाही.

परंतु दाव्याचा एक साधा नियम आहे : प्रतिवादी बरोबर निवडावा. पोर्तुगालच्या राजसत्तेविरुद्धची फिर्याद पॅरिसच्या एका लंगड्या आचाऱ्यावर लावून चालत नाही. आणि इतिहासच काढावयाचा तर सगळा काढू. ज्या साष्टीत १५८३ साली कुंकळ्ळीचा रक्तपात झाला, त्याच साष्टीत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट वावरत होता. तो १५७९ साली गोव्यास आला आणि जन्मभर येथेच राहिला. १६१६ साली रायतूरला छापलेले त्याचे ख्रिस्तपुराण मराठीत आहे, ओवीत आहे, आणि त्यात मराठी भाषेची मनःपूर्वक स्तुती आहे. कोंकणीचे पहिले छापील व्याकरणही त्याचेच. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली निघाले. तो त्या सत्तेच्या छायेत वावरला हे खरे, आणि त्याच्या ओव्या आमच्या वाङ्मयेतिहासात मानाने बसल्या हेही खरे. ओवीत ख्रिस्त आला म्हणून ओवी बाटली नाही. मग सभामंडपात तासभर एका ख्रिस्ती भक्ताचे नाव निघाल्याने सभामंडप बाटेल, एवढा तो ओवीहून दुबळा आहे काय?

दुसरा मुद्दा अधिक मातब्बर आहे. ‘हे सारे आमच्याजवळ आहेच. मग उसने कशाला?’ आहे, निश्चित आहे. अरणच्या सावता माळ्याने मळ्यातच देव पाहिला, तेरच्या गोरोबाने चिखल तुडविताना पाहिला, जनाबाईने जात्याशी, सेना न्हाव्याने धोकटीशी पाहिला. जे करशील, जे खाशील, जे देशील ते मला अर्पण कर, हा उपदेश गीतेच्या नवव्या अध्यायात आहे, आणि गीता आमची आहे. हा युक्तिवाद ऐकताना मला मात्र माझ्या कचेरीत येणारे एक विशिष्ट प्रकारचे पक्षकार आठवतात. एक-चौदाच्या उताऱ्यावर त्यांचे नाव असते; कागद निर्दोष असतो. प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावे तर कित्येक वर्षांत नांगर लागलेला नसतो, बांध फुटलेला असतो आणि खाजनात खारे पाणी शिरलेले असते. नाव आहे, वहिवाट नाही. संतांच्या बाबतीत आमची अवस्था याहून वेगळी आहे काय? सावता माळ्याचे चरित्र आम्ही कीर्तनात ऐकतो, डोळे पुसतो. आणि आमच्या कुळागरात राबणाऱ्या माणसाची मजुरी चार खेपांनी देतो. गोरोबा आम्हाला तसबिरीत आवडतात. शेजारच्याने मालकीच्या उताऱ्यावाचून आपली जमीन कसून दाखविली, तर त्याचे शेत पाहून यावयास लाज कसली?

येथे एक खुलासा अगत्याचा आहे. सर्व धर्म एकच सांगतात, असे गोड बोलून मी हा दावा जिंकू इच्छीत नाही. ते खरे नाही. लॉरेन्सचा देव हा सृष्टीचा कर्ता आहे, सृष्टी नव्हे. पातेले हे देव नाही, पातेल्याशी उभा असलेला मनुष्य देवाशी बोलत आहे. अद्वैत्याला हे अपुरे वाटेल. लॉरेन्सला अद्वैत मान्य होणार नाही. त्याचा सारा भरवसा ख्रिस्ताच्या कृपेवर आहे. ती काढून टाकून त्याला वारकरी ठरविणे म्हणजे पाहुण्याला आपले कपडे घालून फोटो काढणे होय. तो जसा आहे तसाच ऐकावा. पटेल ते घ्यावे, न पटेल ते त्याचे म्हणून आदराने ठेवावे. धर्मांतराचे भय बाळगण्याचेही कारण नाही. एका आचाऱ्याच्या आठवणींनी ज्याची निष्ठा ढळेल, त्याची निष्ठा आधीच दुसऱ्या कशावर तरी उभी असली पाहिजे.

तिसरा मुद्दा कोणी उघड बोलून दाखविला नाही. परंतु तोच खरा आहे. देव जर चुलीपाशीही तितकाच असेल, तर देवळाचे महत्त्व काय उरले? आणि देवळाचे महत्त्व गेले तर मानकऱ्याच्या मानाचे काय?

उत्तर लॉरेन्सच्याच वागण्यात आहे. त्याने मठ सोडला नाही. नेमलेल्या वेळी तो प्रार्थनेस जात असे. फक्त तेथून परतताना देवाला तेथे ठेवून येत नसे. देवालय हे देवाच्या सान्निध्याचा सराव करण्याचे स्थान आहे. ज्याने गाभाऱ्यासमोर हात जोडणे कधी शिकलेच नाही, त्याला तव्यासमोर ते साधेल असे मला वाटत नाही. मात्र तालमीत घुमलेला मनुष्य बाहेर कधीच कुस्ती खेळणार नसेल, तर त्या तालमीची कीव करावी लागेल. देवळाचे महत्त्व कमी होते ते चुलीपाशी देव मानल्याने नव्हे, चुलीपाशी तो नाही असे मानल्याने.

आणि मानाचे म्हणाल, तर त्या विषयात माझ्या कपाटातील फायली बोलक्या आहेत. पोर्तुगीज अमदानीतील १९३३ च्या कायद्याने आमच्या देवस्थानांचा कारभार आजही बांधलेला आहे. महाजन कोण, पालखीला पहिला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाच्या हाती, या प्रश्नांवर मामलेदारापासून उच्च न्यायालयापर्यंत माणसे उभी आयुष्ये घालवितात. हे केवळ हिंदूंचे व्यंग आहे असे कोणी समजू नये. चर्चच्या फेस्तात तांबडी ओपमुस कोणी घालावी, कोन्फ्रारीचा अधिकार कोणत्या वांगडाचा, यावरही गोव्यात असेच दावे चालले आहेत. दोन्ही प्रकारच्या फायलींतील नावे झाकली, तर कोणती कोणाची हे ओळखणे कठीण. लॉरेन्सच्या स्वतःच्या चर्चनेही त्याला फार जपले असे नाही. त्याचा चाहता आर्चबिशप फेनेलाँ याच्या ग्रंथातील मते १६९९ साली पोपने दोषी ठरविली, तेव्हा या आचाऱ्याच्या वचनांवरही संशयाची सावली पडली, आणि पुढे कितीतरी काळ त्याला जपले ते प्रॉटेस्टंट वाचकांनी. तेव्हा कुंपणापलीकडचे शहाणपण नाकारणे ही काही आमचीच मक्तेदारी नाही. आणि ते कुंपणापलीकडेच अनेकदा जगते, हेही यावरून दिसते.

कायद्याने आमच्या या वृत्तीला नकळत हातभार लावला आहे. देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. तिच्या नावे मिळकत असते, ती दावा लावू शकते. अज्ञान बालकाप्रमाणे तिच्या वतीने मात्र दुसऱ्याने बोलावे लागते. १९२५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या एका घराण्यातील मूर्तीच्या दाव्यात असेही म्हटले की, मूर्तीने कोठे राहावे याविषयी तिची इच्छा विचारात घेतली पाहिजे, आणि ती मांडण्यासाठी तटस्थ प्रतिनिधी नेमला पाहिजे. मालमत्तेच्या रक्षणासाठी ही कल्पना उत्तम. परंतु आम्ही तिचेच धर्मशास्त्र करून टाकले. देव म्हणजे ज्याचा पत्ता ठरलेला आहे, ज्याच्या मिळकतीला सीमा आहेत आणि ज्याच्या वतीने नेहमी आम्हीच बोलतो, असा एक अज्ञान पक्षकार! त्याने आपल्या वतीने काही बोलावे, आणि तेही आमच्या कचेरीत किंवा स्वयंपाकघरात येऊन, ही शक्यताच आम्ही निकालात काढली आहे.

‘आम्ही’ म्हणतो त्यात मी आहे. दुसऱ्यांवर आरोप ठेवणाऱ्याने आपली साक्ष दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी एका भाटकाराचे वकीलपत्र घेतले होते. त्यांच्या भाटात एक म्हातारी राहत होती आणि आपण मुंडकार आहोत असे तिचे म्हणणे होते. दावा लढविण्यापूर्वी पक्षकारांनी देवापुढे प्रसाद लावला, उजवी पाकळी पडली, त्यांनी समाधानाने माझ्याकडे येऊन सांगितले, “वकीलबाब, देवाचा कौल आहे.” मी कैफियत तयार केली. म्हातारी अलीकडे आली, दयेपोटी ठेवली, असे तिच्यात लिहिले. पक्षकारांनी सांगितले तेच मी लिहिले, असे मी म्हणू शकतो, आणि कायद्याने ते पुरते. परंतु जागा मी पाहिली होती. तुळशीवृंदावनाचा झिजलेला चौथरा पाहिला होता. मातीच्या भिंतीवर जुन्यावर जुना असे शेणाचे थर पाहिले होते. ते थर दोन-चार वर्षांचे नव्हते. मी ते पाहिले आणि पाहिले नाही असे केले.

त्याच सायंकाळी मी देवळात गेलो. आरतीस उभा राहिलो. घंटा, धूप, चौघडा. मन अगदी प्रसन्न झाले. आज त्या दिवसाचा विचार करतो तेव्हा कैफियतीपेक्षा त्या प्रसन्नतेचे मला अधिक भय वाटते. सकाळी लिहिलेले असत्य आणि संध्याकाळी मिळालेली शांती यांची कोठे गाठच पडली नाही. मी देवाला चतुःसीमेत ठेवले होते. कचेरी त्या चतुःसीमेच्या बाहेर होती.

लॉरेन्सचे पुस्तक माझ्या हाती आले ते त्यानंतर, आमच्याच बारमधील एका ज्येष्ठ ख्रिस्ती सहकाऱ्याकडून. त्यांनी उपदेश केला नाही. निकालपत्रांच्या गठ्ठ्यात ते लहानसे पुस्तक चुकून आले होते, आणि परत करावयास गेलो तेव्हा ‘वाचा आणि मग द्या’ एवढेच म्हणाले. त्यातील एक रीत माझ्या मनात रुतली. काम हाती घेण्यापूर्वी तो थोडक्यात देवाची मदत मागे. काम चालू असता त्याच्याशी बोलत राही. आणि काम संपले की ते कसे झाले याची स्वतःशी तपासणी करी. चांगले झाले तर आभार. वाईट झाले तर क्षमा मागून, खिन्न न होता, पुढच्या कामास लागे. वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की, हे मला परके नाही. आरंभी संकल्प, मध्ये उपचार, शेवटी क्षमापन. ही तर पूजा! आम्ही ती ताम्हनापुढे करतो. त्याने ती तव्यापुढे केली. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी ती कैफियत पुन्हा वाचली, आणि यावेळी ती एकट्याने वाचीत नव्हतो. पुढील तारखेच्या आत मी वकीलपत्र सोडले. यात शौर्य नाही. शौर्य असते तर ती लिहिलीच नसती. दावा माझ्यावाचून चालला. त्याचे पुढे काय झाले हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. प्रयोजन एवढेच की, मला माझ्या देवळाने जे सांगावयास हवे होते, आणि जे ते शतकानुशतके सांगत आले आहे, ते मला ऐकू आले ते एका परधर्मीय आचाऱ्याच्या तोंडून. यात दोष देवळाचा नाही, माझ्या कानांचा आहे. पण ज्याने कान उघडले त्याला दाराबाहेर उभे करणे मला जमत नाही.

ज्या सायंकाळी माझे व्याख्यान व्हावयाचे होते, त्या दिवशी तेथे महाप्रसाद होता. मी जेवावयास गेलो होतो. वर सभामंडपात पहिल्या पंगतीत कोणी बसावे यावर थोडी कुजबुज झाली, नित्याचीच. मागे रांधपघरात मात्र तीन चुली धडाडत होत्या. घामाने निथळणारा रांधपी सोलकढीची चव पाहून मान हलवीत होता, आणि दोन बाया माणूसभर उंचीचे टोप आत वाकून घाशीत होत्या. पंगत उठली तरी त्यांचे काम सरले नव्हते. माझा वक्ता तेथे हजरच होता, आणि त्याला कोणी फलकावरून उतरविले नव्हते.

समित्यांना माझी एकच विनंती आहे. लॉरेन्सची तसबीर लावा असे मी म्हणत नाही. त्याचे नाव नको असेल तर तेही राहू द्या. पुढील श्रावणात एक सायंकाळ रांधप्यासाठी ठेवा. शंभर माणसांचे अन्न शिजविताना मनात काय चालते, हे त्याला विचारा. टोप घाशीत असलेल्या त्या दोघींना विचारा, आणि त्यांना त्या दिवशी पहिल्या पंगतीत बसवा. मग मामलेदाराला विचारा, वैद्याला विचारा, आणि धैर्य असेल तर वकिलालाही विचारा : आज सकाळी तू जे लिहिलेस ते देवापुढे वाचून दाखविशील काय?

या प्रश्नाला सभामंडपात जागा मिळाली, तर माझे न झालेले व्याख्यान झाले असे मी समजेन. आणि देवाच्या दस्तऐवजात चतुःसीमेचा रकाना आपण सर्वांनी मिळून कोरा ठेवू.